‘मिलिंदप्रश्न’ आणि आमचे वर्ग

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यास औरंगाबाद म्हणून ओळखले जात होते त्या नगरात, नागसेनवन नावाचा एक विस्तीर्ण परिसर असून त्यात मिलिंद महाविद्यालय उभे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आणि पुढे संस्थेचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाविद्यालयास मिलिंदाचे व परिसरास नागसेनाचे नाव दिले. या दोन नावांचा परस्परांशी काय संबंध आहे, असे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांस विचारले, तर पुष्कळ जण एका पाली ग्रंथाचे नाव सांगतील. परंतु त्यातील एक नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आहे व दुसरे उत्तर देणाऱ्याचे, आणि विद्यालयास दिलेले नाव विचारणाऱ्याचे आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. विद्येच्या मंदिरास गुरूचे नाव देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. शंकेखोर शिष्याचे नाव दिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. विद्यार्थ्यांनी वर्गात एकमेकांच्या साहाय्याने शिकावे, हा विचार आता वादाचा राहिलेला नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तो आहे; मुलांनी कृती, शोध व धुंडाळणी यांच्या द्वारे शिकावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे; २०२० च्या शैक्षणिक धोरणातही त्याचा पुरस्कार आहे. ‘गटकार्य’, ‘सहाध्ययन’, ‘प्रकल्प’ हे शब्द आता पालकांच्याही तोंडी रुळले आहेत. तरीसुद्धा आमच्या बहुतेक वर्गांत आवाज एकट्या गुरुजींचाच ऐकू येतो, आणि जेथे मुलांचे गट केले जातात तेथे त्यांतून निपजणारी वस्तू पाहून समाधान होत नाही. विचार सर्वमान्य आणि आचार मात्र निस्तेज, असे का व्हावे? ज्या ग्रंथावरून मिलिंद महाविद्यालयाचे नाव पडले तो ग्रंथ, दोघांनी मिळून ज्ञान कसे मिळवावे या दृष्टीने, वाचून पाहिला तर या प्रश्नावर काही प्रकाश पडेल असे वाटल्यावरून हे परीक्षण लिहिले आहे.

‘मिलिंदप्रश्न’ हा मूळ पाली ग्रंथ. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर हाच त्यातील मिलिंद, आणि त्याची राजधानी सागल म्हणजे आजचे सियालकोट असावे, असे विद्वान मानतात. ट्रेंकनर यांनी १८८० मध्ये त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर १८९० व १८९४ मध्ये दोन भागांत निघाले. आणि मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत १९४० मध्ये वाडेकरांनी संपादिलेली प्रत प्रसिद्ध झाली. ग्रंथाचे सर्व भाग एका काळचे नाहीत, आरंभीचे भाग अधिक जुने आहेत, हे चिनी भाषांतरांशी तुलना करून दाखविण्यात आले आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्याचे परीक्षण पुष्कळांनी केले आहे. आम्हांस येथे त्यातील तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नसून, त्या तत्त्वज्ञानाची चर्चा कोणत्या अटींवर झाली एवढ्यापुरतेच पाहावयाचे आहे.

आरंभी मिलिंद हा वादपटू व थोडा उन्मत्तही दिसतो. एकामागून एक आचार्यांस तो निरुत्तर करतो, आयुपाल नावाचे भिक्षू त्याच्यापुढे गप्प बसतात, आणि सारे जंबुद्वीप आता फोलपटासारखे पोकळ झाले, असे उद्गार तो काढतो. अशा राजाची व नागसेनाची गाठ पडते. पहिल्याच भेटीत, राजा पुन्हा वाद करू इच्छितो तेव्हा, नागसेन एक अट पुढे ठेवतो. पंडित बोलतात तसे बोलणार असलास तर वाद करू, राजे बोलतात तसे बोलणार असलास तर करणार नाही. या दोन रीतींतील भेद राजा विचारतो. नागसेनाच्या उत्तराचा आशय असा, की पंडितांच्या बोलण्यात गुंता होतो व तो उकलतोही, एकाची चूक दुसरा दाखवितो, ती मान्य केली जाते, आणि एवढे होऊनही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट मांडतात आणि जो ती नाकारील त्यास दंड करा म्हणून आज्ञा देतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो. बरोबरीच्या एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी किंवा आरामातील सेवकाशी बोलावे तसे आपणाशी निर्धास्तपणे बोला, असेही तो सांगतो.

वर्गातील सहाध्ययनाविषयी जी मार्गदर्शक पुस्तके निघतात त्यांत बाक कसे मांडावे, गट किती जणांचा असावा, वेळ किती द्यावा हे सांगितलेले असते. नागसेनाने ज्याचा निकाल प्रथम लावून घेतला तो प्रश्न त्यांत बहुधा नसतो. या खोलीत राजाची रीत चालणार की पंडिताची, हा तो प्रश्न होय. आमच्या शाळांत राजाची रीत इतकी मुरलेली आहे की ती आम्हांस रीत म्हणून दिसतच नाही. वर्गातील बोलणे हा अपराध, असे धरूनच आमची सारी व्यवस्था रचलेली होती. गुरुजी बाहेर गेले की मॉनिटर खडू घेऊन उभा राहावयाचा आणि जो बोलेल त्याचे नाव फळ्यावर लिहावयाचा, हे दृश्य चाळिशी उलटलेल्या कोणत्या वाचकाने पाहिले नाही?

आणि या मॉनिटरची कुळकथाही मोठी बोधप्रद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हे मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे अधीक्षक असताना, तेथील देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवितात असे त्यांनी पाहिले. ती रीत आपल्या शाळेत आणून त्यांनी मोठ्या मुलांकरवी लहान मुलांस शिकविण्याची पद्धती बसविली व १७९७ मध्ये तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच पद्धती लंडनमध्ये चालविली, आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती दूरवर पसरली. मुलाने मुलास शिकविणे, ही त्यातील कल्पना उत्तम होती. परंतु थोड्या खर्चात पुष्कळ मुले आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून तिचा स्वीकार झाला, आणि मोठा मुलगा लहानाचा सोबती न होता गुरुजींचा शिपाई झाला. साहाय्यक पहारेकरी बनतो तो असा. पद्धती बदलली, पण रीत राजाचीच राहिली.

ग्रंथाच्या चौथ्या भागाच्या आरंभी या विषयाची अधिक बारकाईने चिकित्सा आहे. तेथे मिलिंद सात दिवसांपुरता न्यायनिवाड्याचा राजाधिकार बाजूस ठेवतो आणि मगच कूट प्रश्न मांडण्यास बसतो. गंभीर विचार कोठे करू नये, याची आठ स्थळे तेथे सांगितली आहेत. ओबडधोबड जमीन, भयाची जागा, सोसाट्याच्या वाऱ्याची जागा, हमरस्ता, पूल, पाणवठा ही त्यांपैकी काही. चर्चा बिघडविणारी माणसेही आठ प्रकारची सांगितली आहेत, आणि त्यांत क्रोधी, गर्विष्ठ, आळशी यांच्याबरोबर एकाच गोष्टीचा ध्यास घेतलेला मनुष्यही आहे. बुद्धी परिपक्व होण्याची जी आठ कारणे दिली आहेत त्यांत वय व कीर्ती यांच्या जोडीस वारंवार प्रश्न विचारणे, आपल्याशी आपण नीट विचार करणे, परस्परांशी संभाषण करणे आणि स्नेह जोडणे ही आहेत. एकांतातील चिंतन व दुसऱ्याशी संभाषण ही दोन्ही एकाच यादीत यावीत, हे ग्रंथकर्त्याच्या समतोल बुद्धीचे लक्षण होय. सदासर्वदा गटातच शिकले पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या आजच्या उत्साही मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. त्यापुढेच आचार्याचे पंचवीस गुण सांगितले आहेत. शिष्यास काही राखून न ठेवता शिकवावे हा त्यांतला एक. आणि आपल्या पात्रातले अन्न त्यास वाटून द्यावे, हा दुसरा. या दुसऱ्या गुणाची आठवण पुढे येणारच आहे.

येथवर ग्रंथाची स्तुती झाली. परंतु परीक्षकाने दोषांकडे डोळेझाक करून चालणार नाही. ज्या ग्रंथास आम्ही सहविचाराचा नमुना म्हणतो त्यात विचार करणारे खरोखर किती आहेत? राजाबरोबर पाचशे यवन आहेत, नागसेनाबरोबर ऐंशी हजार भिक्षू आहेत असे वर्णन येते. रथाच्या प्रसिद्ध दृष्टान्तात चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे विचारीत नागसेन राजास पेचात आणतो, तेव्हा दोघेही या समुदायास साक्षीस बोलावितात. समुदाय ऐकतो, यवन नागसेनास शाबासकी देतात व आता यातून सुटून दाखवा म्हणून राजास सांगतात, परंतु त्यांपैकी एकही जण स्वतःचा प्रश्न विचारीत नाही. शिवाय राजाच्या शंका बहुधा एका दृष्टान्तात विरून जातात. तो आणखी एक उपमा मागतो, ती मिळते, आणि आपण चतुर आहात असे म्हणून तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. नागसेनास आपले मत बदलावे लागले असा प्रसंग आम्हांस या ग्रंथात आढळला नाही. उत्तर आधीच ठरलेले आहे. संवाद हा त्या उत्तरापर्यंत नेणारा सुंदर जिना आहे.

हेच दोन दोष आमच्या आजच्या गटकार्यात जसेच्या तसे उतरले आहेत. पाच मुलांचा गट केला जातो. त्यांतील एक चुणचुणीत मुलगी सारा तक्ता लिहून काढते. दुसरा एक मुलगा समोर येऊन तो वाचतो. आणि उरलेली तिघे पाचशे यवनांप्रमाणे टाळ्या वाजवितात. खाली नावे मात्र पाचांची. किंबहुना पुष्कळदा ती मुलगीही नसते, तिच्या आईने रात्री जागून केलेला तो ‘प्रकल्प’ असतो. दुसरीकडे शिक्षक चर्चा घडवून आणतात, पण आपल्या टिपणवहीत लिहिलेले वाक्य कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडताच ती चर्चा संपते. मुले फार हुशार असतात. असल्या चर्चेत विचार करावयाचा नसून गुरुजींच्या मनातले ओळखावयाचे असते, हे त्यांस पहिल्या आठवड्यातच कळून चुकते.

पहिल्या दोषावर, म्हणजे समुदायाच्या मुकेपणावर, एक उपाय अमेरिकेत निघाला, आणि ज्या परिस्थितीत तो निघाला तीही विचारात घेण्याजोगी आहे. टेक्सास संस्थानातील ऑस्टिन या शहरी १९७१ मध्ये गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांस एका वर्गात बसविण्यास आरंभ झाला तेव्हा शाळांत वैमनस्य माजले. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञास बोलावण्यात आले. वर्ग पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की शिक्षक प्रश्न टाकतात आणि हात वर करण्याची चढाओढ लागते. एकाचे चुकले की दुसऱ्यास आनंद होतो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचेच तुकडे केले. गटातील प्रत्येक मुलाकडे एक तुकडा. तो दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि परीक्षा मात्र सर्व धड्यावर. यामुळे अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा करणे इतरांस परवडेना, कारण त्याच्याजवळचे ज्ञान त्याच्याच तोंडून काढून घ्यावे लागे. मुलांतील दुरावा कमी झाला, मागे पडलेल्या मुलांची प्रगती झाली, आणि पुढे असलेल्यांचे काही बिघडले नाही, असा त्यांचा अनुभव आहे. नंतर ठिकठिकाणी झालेल्या सर्वच प्रयोगांत फळ इतके स्पष्ट दिसले नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. तथापि त्यातील तत्त्व अबाधित राहते. दुसऱ्याची गरज भासल्यावाचून सहकार्य उपजत नाही, आणि ती गरज कामाच्या रचनेतच असावी लागते. उपदेशाने ती निर्माण होत नाही.

हे आमच्याकडे कसे करता येईल, असे कोणी विचारील. नागसेनवनापासून जवळच पाणचक्की आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी नगरास नहरीने पाणी पुरविण्याची जी परंपरा पडली, तिचेच अठराव्या शतकातील हे एक अंग. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणून उंचावरून चक्रावर सोडावे, त्याने जाते फिरावे, आणि त्या पिठावर दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचे व मुसाफिरांचे पोट भरावे, अशी ती योजना. सहावीच्या वर्गात हा पाठ घेताना एका मुलास उगमाची माहिती द्यावी, दुसऱ्यास नळांची, तिसऱ्यास पाणी वर चढते कसे याची, चौथ्यास चक्राची व जात्याची, पाचव्यास दर्ग्याच्या अन्नदानाची. मग सर्वांस मिळून एकच प्रश्न घालावा, की डोंगरातील झरा आटला तर मुसाफिराच्या भाकरीचे काय होईल? या प्रश्नाचे उत्तर कोणा एकाजवळ नाही; पाचांचे तुकडे जुळल्यावाचून ते निघावयाचे नाही. यास महागडी साधने लागत नाहीत. दोन शिक्षकांवर चार इयत्तांचा भार असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे होण्यासारखे आहे; किंबहुना तेथे त्याची गरज अधिक आहे.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळू. तो आमच्या वाचकांच्या घरांतलाच आहे. आमचा मुलगा पुढे आहे, त्याने मागे पडलेल्यांसाठी आपला वेळ का दवडावा, असे विचारले जाते. या आक्षेपास एक उत्तर असे, की दुसऱ्यास समजावून सांगू लागले म्हणजे आपणांस किती समजले आहे याचा थांग लागतो. ज्याने कोणास काही शिकविले आहे त्यास हे पटवून द्यावयास नको. परंतु तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण या आक्षेपाच्या पोटात पुष्कळदा दुसराच प्रश्न असतो, आणि तो आपला मुलगा कोणाशेजारी बसणार, हा होय. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांच्या प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांकरिता राखल्या, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ही तरतूद ग्राह्य ठरविली. कायदा मुलास दाराच्या आत आणू शकतो. एका बाकावर बसलेल्या दोघांस एकमेकांचे काही लागते असे करणे, हे कायद्याच्या हातचे नव्हे.

नागसेनवन ज्यांनी वसविले त्यांचा स्वतःचा वर्ग कसा होता? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की शाळेत त्यांस कोपऱ्यात वेगळे गोणपाट टाकून बसावे लागे. शाळेचा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे म्हणून ते रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे. त्या वर्गात हुशारी होती, पाठांतर होते, परीक्षाही होत्या. त्या खोलीत एक बुद्धिमान मुलगा बसला होता आणि त्याच्याजवळचे काही आपणांस हवे आहे असे कोणासही वाटले नाही. त्यास पाणी देता येत नव्हते, मग त्याचा प्रश्न कोण ऐकणार? आपल्या पात्रातले शिष्यास वाटून द्यावे, असे सांगणारा ग्रंथ त्याच माणसाने पुढे आपल्या महाविद्यालयाच्या नावासाठी निवडावा, यातील अर्थ फोडून सांगण्याची आवश्यकता नाही. निजामी राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात, जेथे उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती, तेथे खेड्यापाड्यांतून आलेली मुले या वर्गांत येऊन बसली. त्यांस दिलेले नाव मिलिंदाचे, म्हणजे विचारण्याचा अधिकार आहे असे धरून चालणाऱ्याचे होते.

तात्पर्य असे, की सहाध्ययनास दोन गोष्टी लागतात आणि त्यांपैकी एकच असून भागत नाही. धड्याचे तुकडे वाटले पण खोलीत रीत राजाचीच राहिली, तर मुले आपापला तुकडा पाठ म्हणून दाखवितील एवढेच. शिक्षकाने राजदंड खाली ठेवला पण कामाची वाटणी नीट केली नाही, तर बोलके बोलत राहतील आणि मुके मुकेच राहतील. पहिली गोष्ट ऑस्टिनच्या प्रयोगाकडून घ्यावी, दुसरी सागलच्या संवादाकडून. पैकी दुसरी अधिक कठीण आहे, कारण तीत शिक्षकासच स्वतःचे काही सोडावे लागते, आणि घरी पालकासही.

नागसेनाच्या मतात बदल झालेला आढळत नाही, असा दोष आम्ही वर दाखविला. परंतु तिसऱ्या भागाच्या अखेरीस एक लहानसा प्रसंग आहे, तो न सांगता लेख संपविणे ग्रंथावर अन्याय केल्यासारखे होईल. पहिल्या दीर्घ संवादानंतरच्या रात्री राजा महालात परततो आणि मनाशी तपासून पाहतो, की आपण काय विचारले, ते नीट विचारले काय, आणि मिळालेली उत्तरे नीट होती काय. त्याच रात्री आरामात नागसेनही तेच करीत असतो. आपणांस काय विचारले गेले आणि आपण जे सांगितले ते ठीक सांगितले काय, याचा तो विचार करतो. सकाळी भेट झाल्यावर दोघेही एकमेकांस हे सांगतात, आणि वादात आपण शोभून दिसलो या आनंदाने रात्र गेली असे कृपा करून समजू नये, असे दोघेही जोडून सांगतात. उत्तरे तीच राहिली, पण उत्तर देणाऱ्याने ती पुन्हा पारखली. शाळा सुटल्यावर घरी जाताना आपण आज मुलांस काय सांगितले व ते नीट सांगितले काय, असा विचार जो शिक्षक करीत असेल, त्याच्या वर्गात बाक कसेही मांडलेले असोत, मुले एकमेकांशी बोलण्यास आज ना उद्या लागतीलच.